पाणमाळी

"काका, ही बाटली नेमकी कुठून भरलीत?" लॅबच्या बाईंनी वाफ्याच्या कठड्यावरूनच विचारलं.

पाणमाळी सांडपाण्याच्या पहिल्या वाफ्यात खडी उकरून उभा होता. पाणी आत येण्याच्या पाइपाच्या तोंडाशी कापसाचा बोळा अडकला होता आणि तो तारेच्या आकड्यानं ओढत होता.

"शेवटच्या टाकीतून. नेहमीच्याच जागेवरून," वर न बघता तो म्हणाला.

"बाटली विसळली होती?"

"तीन वेळा. त्याच पाण्यानं. तुम्हीच शिकवलंय."

बाई कठड्यावर बसल्या. पांढऱ्या कोटाला शेवाळ लागेल याचीही त्यांना पर्वा दिसली नाही. "मग कुणीतरी काहीतरी ओतलंय. फिटचं औषध नेहमीच्या चाळीस पट आलंय. मला वाटलं यंत्र बिघडलं, म्हणून दोनदा लावून बघितलं. चाळीस पट, काका! आपल्याकडं फिटचे पेशंट असे असतात तरी किती? महिन्याला चार, फार तर पाच. एवढं यायला डबेच्या डबे ओतायला हवेत."

तेवढ्यात बोळा सुटला. पाणी भसकन आत आलं आणि त्याची विजार मांडीपर्यंत भिजली.

पायाखालची वाळू सरकते म्हणतात, तसं काही झालं नाही. पायाखाली खडी होती आणि ती जागच्या जागी होती. कुणी ओतलं ते त्याला त्याच क्षणी कळलं होतं. त्यानं बोळा बादलीत टाकला, हात विजारीला पुसले आणि म्हणाला, "बघतो."



त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. चौदा वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या मागच्या उतारावर हे तीन वाफे बांधले, तेव्हा पुढच्या बागेतून त्याला इकडे पाठवलं. गुलाब सोडून सांडपाण्यात जायला बाकीचे माळी तयार नव्हते. हा गेला. "पुढचे माळी फुलं वाढवतात, आमचा पाणमाळी आमची पापं धुतो," असं औषधभांडाराचा भांडारी तेव्हा गमतीनं म्हणाला आणि तेच नाव चिकटलं. पन्नास खाटांचं हॉस्पिटल, शिवाय मागच्या वसाहतीतली कर्मचाऱ्यांची सहा घरं. सगळ्यांचं सांडपाणी आधी गाळाच्या टाकीत थांबायचं, मग एकामागून एक तिन्ही वाफ्यांच्या खडीतून सावकाश सरकायचं. वाफ्यांत पाण्यात वाढणारी झाडं, पहिल्यात देवनळ, दुसऱ्यात पाणकणीस, तिसऱ्यात कर्दळ. आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला पाच दिवस लागायचे. बाहेर पडून ते ओढ्याला मिळायचं.

पहिली दहा वर्षं आपण घाण साफ करतो एवढंच त्याला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी लॅबच्या बाई आल्या आणि त्यांनी सांगितलं की माणूस गोळी गिळतो ती सगळीच अंगी लागत नाही, उरलेली लघवीवाटे पाण्यात येते आणि ओढ्यातल्या माशांना ती नको असताना गिळावी लागते. दुखण्याच्या, तापाच्या गोळ्यांचा मुळांपाशी राहणारे जंतू बऱ्यापैकी फडशा पाडतात. काही औषधं झाड स्वतःच ओढून पानात चढवतं. "फिटचं औषध मात्र हट्टी," बाई म्हणाल्या होत्या. "थोडंफार पानात जातं, बाकीचं तसंच पुढे चालू लागतं."

तेव्हापासून दर आठवड्याला शेवटच्या टाकीतून बाटली भरून न्यायची आणि बाईंनी काढलेला आकडा नोंदवहीत लिहायचा, हे त्याचं काम झालं. नव्या नर्स आल्या की त्यांना वाफे दाखवायला आणायचे. तो भाषण करणारा माणूस नव्हता, पण एक वाक्य त्यानं घोटून ठेवलं होतं. "बेसिनमध्ये टाकलेली गोळी म्हणजे माझ्या झाडांच्या पोटात टाकलेली गोळी." नर्सेस हसायच्या. पण लक्षात ठेवायच्या.

त्याची बायको जाऊन त्या दिवशी सोळा दिवस झाले होते.

तिला सव्विसाव्या वर्षापासून फिट यायच्या. अठ्ठावीस वर्षं सकाळी दोन, संध्याकाळी दोन अशा गोळ्या. चुलीपाशी एकटं बसायचं नाही, विहिरीच्या काठावर जायचं नाही, न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. तेव्हापासून तो एक कान जागा ठेवून झोपायला शिकला. आणि मरण आलं ते हृदयाच्या झटक्यानं, भरदुपारी, वाळत घातलेली चादर काढताना. आयुष्यभर दोघं ज्या दाराला टेकून उभी राहिली होती, त्या दारानं ते आलंच नाही, मागच्या दारानं आलं.

लोक म्हणाले, रडून मोकळं व्हा. त्याला रडायला आलं नाही. जेवण समोर आलं की तो जेवायचा, अंथरूण दिसलं की झोपायचा. पाचव्या दिवशी कामावर गेला. "धीराचा माणूस," असं सिस्टर एकमेकींना म्हणाल्या. धीराचा त्यात काही संबंध नव्हता. दात काढताना डॉक्टर सुई देतात आणि मग गाल आपला असून आपला नसतो, तसं त्याचं सगळंच झालं होतं.

कामावर जाण्याच्या आदल्या दिवशी लेक बाजारात गेली असताना त्यानं कपाटाचा खण उघडला. खण गोळ्यांनी भरलेला होता. दोन वर्षांपूर्वी या औषधाची टंचाई झाली होती, तेव्हापासून बायको थोड्या थोड्या जास्तीच्या आणून ठेवायची. "असू दे गं बाई हाताशी," असं स्वतःलाच म्हणायची. पाकिटांमागून पाकिटं, रबर लावून, वर तारखेची चिठ्ठी. तो मांडीवर सगळा ढीग घेऊन संडासाच्या उंबऱ्याशी बसला आणि अंगठ्यानं एकेक गोळी फोडून भांड्यात टाकत राहिला. टक्, टक्. तासभर तरी लागला असेल. शेवटी अंगठ्याची कातडी सोलली. मग तीनदा पाणी सोडलं. रिकामी पाकिटं मात्र त्यानं नीट घडी घालून कोरड्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. चंदेरी पत्रा नाल्यात जाऊ नये, एवढं त्याला तेव्हाही बरोबर आठवलं होतं.

बाई वाफ्यांवर येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. बाईंचा कागद टेबलावर होता. त्याच्या शेजारी आणखी एक कागद होता आणि तोच भांडाऱ्याला नडला. गेल्या महिन्यात मुदत संपलेली औषधं जाळायला पाठवली होती. त्यात याच औषधाचे दोन खोके होते. पण नेणाऱ्या गाडीवाल्याच्या पावतीवर ते दोन खोके नव्हते.

"गेले होते साहेब," भांडारी म्हणाला. "मी हातानं गाडीत ठेवले. गाडीवाल्यानं लिहायचं राहिलं, माझं बघायचं राहिलं."

"आणि नेमकं तेच औषध पाण्यात निघालं?"

"निघालं असेल. पण मी नाही टाकलं. साप साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही."

"भुई असेल तर खुलासा द्या. सोमवारपर्यंत. लेखी. नाहीतर मला निलंबनाचं वर कळवावं लागेल." साहेबांनी दाराजवळ उभ्या असलेल्या पाणमाळ्याकडे पाहिलं. "तुम्हाला काय वाटतं? पाणी तुमचं आहे."

"पाण्यात आलंय एवढं खरं," पाणमाळी म्हणाला.

आपलाच आवाज त्याला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

बाहेर बोळात भांडाऱ्यानं त्याला गाठलं. चिडलेला नव्हता, थकलेला होता. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत म्हणाला, "एक शब्द बोलला असतास तरी चाललं असतं रे. हा माणूस असं करणार नाही, एवढंच. टंचाई होती तेव्हा वहिनींसाठी मी कुठून कुठून पाकिटं मागवली, आठवतंय ना? एकेका गोळीसाठी फोन केलेत. तो मी दोन खोके गटारात ओतीन?"

"नाही ओतणार."

"मग हे आत का नाही म्हणालास?"

भांडाऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे. तुझं डोकं ठिकाणावर नसणार सध्या. मी तुला काय विचारत बसलोय." आणि तो गेला. खांद्यावर हात होता तेवढी जागा पाणमाळ्याला बराच वेळ जाणवत राहिली. सोळा-सतरा दिवसांत जाणवलेली तेवढीच एक गोष्ट.

संध्याकाळी लेक आईचे कपडे लावत बसली होती. दुसऱ्या दिवशी तिला सासरी परतायचं होतं.

"बाबा, आईच्या गोळ्या कुठं आहेत? खण रिकामा दिसतोय. आमच्या गल्लीत एका मुलीला तीच गोळी चालू आहे, तिच्या आईला विचारून दिल्या असत्या."

"टाकल्या."

"कुठं टाकल्या?"

त्यानं संडासाकडे बोट केलं. मग दिवसभरात काय झालं ते सांगितलं. तिच्या हातातली साडी अर्धी घडी होऊन तशीच राहिली.

"कुणाला माहितीये?"

"तुला."

ती उठून त्याच्यासमोर येऊन बसली. "मग आता माझं ऐका. बोलू नका. दीड वर्ष राहिलंय तुमचं. भांडारीकाकांनी खरंच काही केलेलं नाही, मग त्यांना काय होणारे? चौकशी होईल, गाडीवाला सांगेल, संपेल. तुम्ही स्वतःहून गेलात तर मात्र तुमचंच नाव लागेल. हे घर सोडावं लागलं तर जाणार कुठं?"

"तुझ्याकडं."

"चेष्टा नको बाबा."

त्यानं चेष्टा केली नव्हती. ती काय म्हणते ते सगळं त्याला पटत होतं. एकाही शब्दात खोट नव्हती.

"तुझी आई," तो म्हणाला, "भांडाऱ्याला दर वेळी विचारून यायची, दुसऱ्या कुणाच्या वाट्याच्या तर नाहीत ना या गोळ्या? तो म्हणायचा, वहिनी, तुम्ही घ्या हो."

लेकीनं घडी पूर्ण केली, साडी पेटीत ठेवली आणि मग त्या साडीवरच डोकं टेकून रडायला लागली. तो तिच्या पाठीवर हात फिरवत बसला. हात कसा फिरवतात ते त्याला येत होतं.

सकाळी तो गमबूट न काढताच साहेबांच्या खोलीत गेला. फरशीवर चिखलाचे ठसे उमटले. "भांडाऱ्यालाही बोलवा साहेब," तो म्हणाला. भांडारी आला, हातात खुलाशाचा अर्धवट लिहिलेला कागद घेऊनच आला.

"गोळ्या मी टाकल्या. माझ्या घरच्या. बायकोच्या होत्या. सहाशेच्या वर असतील."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही? नव्या पोरींना तुम्ही काय सांगता ते मी स्वतः ऐकलंय. म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं."

"हो."

"पण का?"

पाणमाळ्यानं खरोखर विचार केला. खोलीत पंखा फिरत होता. "ते सांगता येत नाही, साहेब. खण भरलेला होता. तो रिकामा व्हायला हवा होता."

भांडारी कागदाची घडी करत उभा होता. "काल बोळात विचारलं मी तुला," तो म्हणाला. "तोंडावर विचारलं." आणि साहेबांना न विचारताच बाहेर निघून गेला.

लेखी माफी घेतली गेली. नोकरी राहिली, घरही राहिलं. पण या महिन्याच्या अखेरीला वाफ्यांचं काम सोडून पुढच्या बागेत परत, असा हुकूम निघाला. गुलाबांकडं. शिक्षा म्हणून गुलाब मिळालेला पहिलाच माणूस, असं कुणीतरी म्हणालं आणि मग इकडंतिकडं बघून गप्प झालं.

महिना संपायला सव्वीस दिवस होते. तो बाईंकडे गेला.

"बाहेरची झडप बंद करतो," तो म्हणाला. "शेवटच्या टाकीतलं पाणी पंपानं परत पहिल्या वाफ्यात चढवतो. ओढ्यात थेंब जाऊ द्यायचा नाही. फिरवत राहू."

"रोज नवं पाणी येतंय त्याचं काय?"

"जुना हौद कोरडा पडलाय. जास्तीचं त्यात घेऊ."

बाईंनी हिशेब केला. टाकीच्या गाळात बसलेल्या गोळ्या अजून थोड्या थोड्या पाण्यात उतरतच होत्या. "हट्टी औषध आहे काका. एका फेरीत फारसं उतरणार नाही."

"मग दहा फेऱ्या."

बाईंच्या आवाजात राग नव्हता, पण पहिल्यासारखं हसणंही नव्हतं. त्यांनी रोज एक बाटली तपासायचं कबूल केलं. तो सकाळी पंप लावायचा, संध्याकाळी बंद करायचा. पंपाला गाळ लागला की खोलून धुवायचा. आठव्या दिवशी पाणकणसाची टोकं करपायला लागली. पानात चढलेलं औषध पान गळून कुजलं की परत पाण्यात उतरणार, म्हणून करपलेलं एकेक पान तो वेचून कापायचा आणि पोत्यात भरून हॉस्पिटलच्या जाळायच्या कचऱ्यात द्यायचा. खताच्या खड्ड्यात नाही. पोत्यावर स्वतःच्या हातानं लिहायचा, "खत करू नये."

एक दिवस दुपारी भांडारी आला. कठड्यावर बसला. गाडीवाल्यानं चूक कबूल केली एवढं म्हणाला, मग पंपाचा आवाज ऐकत थोडा वेळ बसून राहिला. उठताना म्हणाला, "जेवतोस ना?" पाणमाळ्यानं मान हलवली. तो गेला. पुन्हा आला नाही, पण बोळात दिसला की थांबायला लागला.

चाळीस पटीचे पंचवीस झाले, बारा झाले, पाच झाले. एकोणिसाव्या दिवशी बाई स्वतः वाफ्यांवर आल्या. "नेहमीएवढं झालं, काका. सोडा पाणी."

"शून्य नाही?"

"हे औषध शून्य होत नाही. एवढं कायम असतंच आपल्याकडं."

त्यानं झडप उघडली. पाणी ओढ्याकडं गेलं. करपलेल्या पाणकणसाच्या बुंध्यातून नवे कोंब वर आले होते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यानं शेवटची बाटली लॅबमध्ये नेली. पुढच्या बागेतली बाई त्याच्या जागी येणार होती, ती बाहेर थांबली होती. संध्याकाळी आकडा घ्यायला गेला तेव्हा लॅबच्या बाई पडद्यावर एक रेघ बघत बसल्या होत्या.

"बसा जरा," त्या म्हणाल्या. "गंमत बघा. नेहमीपेक्षाही कमी आलंय. निम्म्याहूनही कमी. चार वर्षांत ही रेघ एवढी खाली कधीच गेली नव्हती. वॉर्डात फिटचे पेशंट तेवढेच आहेत, मी विचारून आले. पाणी फिरवल्याचा परिणाम म्हणावा तर तो इतका टिकायला नको." त्यांनी पेन्सिल गालाला टेकवली. "मग आधी हे जास्तीचं रोज येत कुठून होतं?"

बाईंची पेन्सिल हळूहळू खाली आली.

"तुमच्या घराचं पाणी याच पाइपात येतं ना, काका?"

"येतं."

"काकू दिवसाला किती गोळ्या घ्यायच्या?"

"चार. सकाळी दोन, संध्याकाळी दोन."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. चार वर्षं ती रेघ एकाच उंचीवरून सरळ गेली होती. मध्येच एक जागा थोडी खाली उतरली होती. ती टंचाईची होती, तेव्हा बायको दिवसाला तीनच घ्यायची. त्या सरळ उंचीलाच नेहमीचं म्हणत आले होते सगळे. दर आठवड्याला बाटली भरून तोच ती इथं आणून देत होता.

"मला कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"कुणाला कळणार?"

त्यानं नोंदवही ओढून घेतली. तारीख घातली, आकडा लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात तो नेहमी 'नेहमीप्रमाणे' लिहायचा. पेन थोडा वेळ कागदावर टेकलेलं राहिलं, शाईचा ठिपका मोठा झाला. मग त्यानं 'कमी' एवढंच लिहिलं. टोपण लावलं. डोळ्यांतून पाणी येतंय हे त्याला वहीवर थेंब पडला तेव्हा समजलं. बाईंनी टिपकागद पुढं केला. त्यानं आधी वही टिपली.

बाहेर नवी बाई दुसऱ्या वाफ्यात उतरली होती. हातात कोयता होता. "हे वाळलेलं तळापासून कापू का हो?"

"तळापासून नाही." तो गमबूट न घालताच खडीत उतरला. वाकून त्यानं पाणकणसाच्या बुंध्याला आडवी चार बोटं लावली. "एवढं ठेवायचं. नाहीतर वर पाणी चढलं की आत शिरतं आणि मूळ कुजतं."

"एवढं?"

"एवढं."

त्यानं बोटं काढली नाहीत. बाईनं बेतानं, त्याच्या बोटांच्या वरून, कोयता फिरवला.